मारण्याआधी सलाम

आमच्या दुकानाला पाटी नाही. लाहोरात, इछऱ्याच्या बाजारात कापडवाल्यांची रांग संपली की बशारतचा तंदूर लागतो, आणि तंदुराच्या समोर जिथून बटणांची टकटक आणि पोरांच्या शिव्या एकदमच ऐकू येतात, ते आमचं दुकान. गेमची मशीनं माझ्या नवऱ्याने लावली होती. तो अल्लाला प्यारा झाला तेव्हा सगळे म्हणाले, शमीम, पोराटोरांचं हे दुकान, बाईमाणसाने तिथे बसणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, मग रोज दोन्ही वेळा माझ्या घरी सालन-रोटी पाठवा, नाही बसत. कोणी पाठवली नाही. तेव्हापासून टोकनच्या गल्ल्यावर मी बसते आणि अख्खा बाजार मला मावशी मानून खाला म्हणतो. शिवी द्यायची तर रस्त्यावर जाऊन द्यायची, एवढा एकच नियम मी केला. तो आजवर कोणी पाळलेला नाही.

बाकीचे नियम माझ्या धाकट्या भावाचे, सरमदचे. लढतीच्या मशीनवर त्याच्यासारखा हात शहरात नव्हता, म्हणून पोरं त्याला उस्ताद म्हणायची. ज्यांनी हे मशीन कधी पाहिलंच नाही त्यांनी एवढं समजा: पडद्यावर दोन गडी समोरासमोर, डाव्या हातातल्या दांडीने आपला गडी नाचवायचा, उजव्या हाताने बटणं दाबून मारायचं. प्रत्येकाच्या डोक्यावर ताकदीची पट्टी. ज्याची पट्टी आधी संपली तो आडवा, फेरी दुसऱ्याची.

आमचे अब्बा कुस्तीच्या आखाड्यातले, त्यामुळे सरमदने आखाड्याच्या रीती या लाकडी खोक्यांना लावल्या. हरेल तो उठेल. हरणाऱ्याला हसेल तो दुकानाबाहेर जाईल. आणि सगळ्यात मोठी रीत सलामाची. समोरच्याची पट्टी नखाएवढी उरली, आता एक फटका आणि खेळ खलास, अशा वेळी तो फटका मारायच्या आधी अंगठ्याने 'सुरू'चं बटण एकदा दाबायचं. टक्. आमच्या मशीनवर लढत चालू असताना त्या बटणाने काहीच होत नाही, नुसता आवाज येतो. पण शेजारी बसलेल्याला तो बरोबर ऐकू जातो. भावा, राग मानू नकोस, आता मारतोय, असा त्याचा अर्थ. सलाम न करता मारणाऱ्याच्या शेजारी आमच्याकडे पुन्हा कोणी बसायचं नाही.

हुजैफा बशारतचा मुलगा. तंदुरावर नान थापून थापून त्याच्या मनगटात जी काही जादू आली असेल ती असेल, पण पोरगा आमच्या मशीनवर बसला तो पहिल्या दिवशीच सगळ्यांच्या डोळ्यांत भरला. पहिल्यांदा भरला तो मूर्खपणासाठी! गेममधल्या गड्यांना आमच्या पोरांनी आपापली नावं ठेवलीयत. एक टकला, एक पंखेवाली, एक पैलवान. आणि एक म्हातारा फकीर, कंबरेत वाकलेला, हातात काठी, चालायला सुस्त. त्याला कोणी हात लावायचं नाही. हुजैफाने तोच निवडला.

"अरे, हा तर आजोबांना फिरायला घेऊन आला!" कोणीतरी ओरडलं.

"आजोबा, बसा, चहा घेता का?" दुसरा.

हुजैफाने नुसती दांडी धरली. त्याची ती खोडच आहे, बोलायचं कमी आणि खालचा ओठ चावायचा. फकीर उभा राहिला, मागे सरला, अजून मागे सरला, पोरं खिदळतायत, आणि समोरचा टकला मारायला धावला तसा फकिराने काठी अशी काही पायात घातली की टकला हवेत! खाली येऊ दिलाच नाही त्याला. हवेतल्या हवेत पट्टी निम्मी! मी गल्ल्यावरून उठून बघायला गेले, आणि मी उठत नाही कधी, माझे गुडघे तसे नाहीत. त्या संध्याकाळी एकामागून एक सगळे बसले आणि सगळे उठले. प्रत्येकाला मारण्याआधी टक्, टक्, टक्. रीत त्याने न सांगता उचलली होती.

सरमद कोपऱ्यात उभा राहून नखं कुरतडत होता. मला म्हणाला, "आपा, हे पोरगं मला घालवणार."

पुढच्या जुम्म्याला हुजैफा लाडू आणि पगडी घेऊन आला. उस्ताद करायचा तर रीतसर, सगळ्यांसमोर. सरमदने पगडीचं कापड हातात घेऊन बघितलं. "नान झाकायचं फडकं तर नाही ना आणलंस?" पोरं हसली, हुजैफाचे कान लाल झाले, आणि सरमदने मान वाकवून पगडी बांधून घेतली. मग त्याने एकच अट सांगितली. आखाड्यात उस्ताद आणि शागीर्द कुस्तीच्या एका दंगलीत समोरासमोर उभे राहत नाहीत, आपणही नाही राहायचं. दुकानात शिकवायला रोज खेळेन, पण निकालाची लढत आपल्या दोघांत कधी होणार नाही. आणि खरंच, रोज दोघं खेळायचे, फेऱ्या बरोबरीत यायच्या, आणि शेवटची फेरी आली की सरमद उठायचा. "आपा, चहा सांग." बस, खेळ तिथे मोडला. दोघांत थोर कोण यावर बाजारात इतकी भांडणं व्हायची की तेवढी इलेक्शनमध्ये होत नाहीत.

हुजैफाची पहिली मोठी स्पर्धा शहरातल्या श्रीमंतांच्या गुलबर्ग भागातल्या मॉलमध्ये झाली. तिथे आमच्यासारखी मशीनं नसतात. टीव्ही असतो, त्याला जोडलेला गेमचा डबा असतो, आणि दांडी-बटणं ज्याने त्याने घरून आणायची. सरमदने एका मोडक्या मशीनचं प्लायवुड कापून, त्याचीच दांडी, त्याचीच बटणं बसवून हुजैफाला एक खोकं करून दिलं. दिसायला अगदी मोचीची पेटी. तिथली गोरीगोमटी पोरं एसीत बसून चमचमणारी सामानं काढतायत आणि आमचा हा पेटी मांडीवर घेऊन बसलाय. पण खेळला काय! तोंडाला फेस आणला एकेकाच्या. शेवटच्या चारात आला, निकालाची फेरी, समोरच्याची पट्टी नखाएवढी. तोवर परक्या ठिकाणी बुजलेला त्याचा अंगठा उठलाच नव्हता, आता उठला, आणि हुजैफाने सलाम केला.

टक्. चित्र थांबलं.

त्या डब्यात 'सुरू'चं बटण म्हणजे खेळ थांबवायचं बटण, हे आम्हाला कोणाला ठाऊक असणार! आणि स्पर्धेत चालू लढत थांबवली तर फेरी समोरच्याची, हा पक्का कायदा. समोरच्याने माफ केलं तरच खेळ पुढे चालू. त्या पोराने कशाला माफ करावं? त्याला तर बसल्या जागी घबाड मिळालं. हॉलभर हशा. "अरे, सलाम केला म्हणे! मारण्याआधी सलाम!" त्या दिवसापासून लाहोरभर त्याचं नाव 'सलामी' पडलं. रस्त्याने जाताना पोरं कपाळाला हात लावून दाखवायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दोघातिघांना तर मी चप्पल काढून दाखवली.

सरमदने पक्कड आणली. "आण ते खोकं. त्या बटणाची तारच कापतो."

हुजैफाने खोकं छातीशी धरलं. "उस्ताद, दुसरी कोणतीही तार कापा. ही नको."

"मग अंगठा आवर."

"आवरतो."

आणि आवरला पठ्ठ्याने! अंगठा तळहाताशी चिंधीने बांधून तासन् तास बटणं दाबायचा. तंदुरावरसुद्धा चिंधी तशीच. बशारत वैतागायचा. "अरे, नानला चार बोटांचे ठसे उमटतायत. गिऱ्हाईक विचारतं, तंदूरवाल्याचा अंगठा कुठे गेला?" पण अंगठा गप्प बसायला शिकला. मग काय विचारता! गुजरांवाला घेतलं, फैसलाबाद घेतलं, सियालकोटला गेला तर तिथून लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन बसमध्ये बसवलं. ज्या फकिराला कोणी हात लावत नव्हतं तो फकीर आता गल्लीबोळातली शेंबडी पोरंही निवडायला लागली आणि सडकून मार खायला लागली. मुलतानहून, पेशावरहून पोरं आमच्या दुकानी यायची, नुसतं त्याच्या शेजारी बसून हरायला. माझ्या टोकनांची चळत दुपारीच संपायची. 'सलामी' म्हणणारे तेच, पण आता म्हणताना दात दिसायचे नाहीत.

तेव्हा कराचीच्या एका टीमचा माणूस लाहोरला आला. त्यांनी मोठं मैदान भरवलं. जो जिंकेल त्याला टीमचा सदरा, दरमहा पगार, आणि तोकियोच्या जागतिक स्पर्धेत जागा. जागा एकच.

बशारतने पोराला तंदुरासमोर उभं केलं. मी समोरच्या गल्ल्यावरून सगळं ऐकत होते, आणि ऐकू यावं म्हणूनच तो मोठ्याने बोलत होता. "हे बघ, मी तुला अडवलं नाही. जिंकलास तर जा तोकियोला, मी अख्ख्या बाजाराला नान फुकट वाटीन. हरलास तर दुसऱ्या सकाळी पीठ मळायला उभा राहायचं आणि पुन्हा त्या खोक्याला हात लावायचा नाही. कबूल?"

"कबूल."

"खालाला साक्षीला ठेवलंय."

"मला कशाला मध्ये घेतोस, मेल्या?" मी ओरडले. पण घेतलंच होतं.

नावांची यादी लागली ती पोरांनी मोबाईलवर आणून दाखवली. हुजैफाचं नाव वरच्या बाजूला. आणि खालच्या बाजूला सरमद! माझा भाऊ! घरी मला एका शब्दाने बोलला नव्हता.

"तुला काही जनाची नाही तर मनाची?" मी त्याला धरलाच. "तू स्वतः अट घातलीस ना? आणि चाळिशी आली तुझी. पोराच्या वाटेत कशाला तडमडतोस?"

"आपा, उस्ताद झालो म्हणजे मेलो का?" तो म्हणाला. "माझ्या उमेदीत असा कोणी माणूस कराचीहून आला नाही. आता आलाय. मला एकदा बघू दे." मग हळूच म्हणाला, "आणि आम्ही समोर येतोय कुठे? तो वर, मी खाली, गाठ पडली तर थेट फायनललाच. मी दुसऱ्याच लढतीत हरेन. बोटं आता पूर्वीसारखी नाहीत."

मैदान एका शादी हॉलमध्ये होतं. बाहेर अजून आदल्या लग्नाची झालर लटकत होती, आत स्टेजवर नवरा-नवरीचा लाल मखमली सोफा, तो कोणी हलवलाच नाही. खेळणारे दोघे त्यावरच बसायचे, समोर टीव्ही, वर मोठा पडदा. लोकांना आयतं कोलीत मिळालं. "नवरीचा घुंगट काढा!" "अरे, कबूल आहे का विचारा दोघांना!" जूनचा महिना, पंखे गरम हवा फेकतायत, बाया फार नव्हत्या पण मी तिसऱ्या रांगेत पाय सोडून बसले होते. शेजारी बशारत, अंगावर पीठ तसंच.

आणि सरमद दुसऱ्या लढतीत हरला नाही. तिसऱ्यातही नाही! अहो, काय खेळला माझा भाऊ! त्याचा पैलवान असा अंगावर जायचा की विशीतली पोरं दांडी सोडून मागे सरायची. लोक उभे राहून "उस्ताद! उस्ताद!" करायला लागले. मी पण ओरडले, खोटं कशाला सांगू, घसा बसला माझा. तिकडे वरून हुजैफा एकेकाला आडवं करत येतोय, इकडे खालून सरमद येतोय, आणि मग एकदम सगळ्या हॉलच्या ध्यानात आलं की फायनलला कोण कोण उरलं. जो तो दोघांकडे आळीपाळीने बघायला लागला.

हॉलच्या मागे बिर्याणीच्या देगा घासत होते, तिथे हुजैफाने सरमदला गाठलं. मी मागोमाग गेलेच.

"उस्ताद, तुम्ही जा तोकियोला. मी नाही बसत समोर."

"आणि तुझा बाप?"

"तंदूर काही वाईट नाही."

सरमदने त्याची कॉलर धरली. "माझ्यावर उपकार करतोस होय रे? वीस वर्षं लोकांना खरं खेळायला शिकवलं, आणि मला खोटा विजय घालतोस पदरात? घातलेली अट मी मोडली, पाप माझ्या डोक्यावर. पण तू हात आखडलास तर शागिर्दी आजपासून तुटली. समजलं?"

दोघं त्या लाल सोफ्यावर बसले. पाच फेऱ्या, आधी तीन जिंकेल तो तोकियोला. पहिली फेरी बघवत नव्हती. फकीर नुसता मागे मागे. मन तयार झालं असेल पोराचं, पण हात उठेना. पैलवानाने त्याला उचलून आपटला. "काठी काय पाठ खाजवायला आणलीस?" कोणीतरी ओरडलं. बशारत डोळे मिटून बसला होता. मी उभी राहिले आणि ओरडले, "हुजैफा! उस्तादच्या तोंडाकडे बघू नकोस, पडद्याकडे बघ!"

कोणाला आवडो न आवडो, दुसऱ्या फेरीत फकीर पुढे आला. आणि मग जे सुरू झालं! सरमद आत शिरला की काठी पायात, सरमदने उडी घेतली की काठी छातीवर, सरमदने पकड घातली की फकीर सुटून मागे. सगळे डाव सरमदनेच शिकवलेले. गुरूची विद्या गुरूला! दुसरी फेरी हुजैफाची. तिसरी हुजैफाची. लोक खुर्च्यांवर चढले, एक खुर्ची मोडली, कोणी खाली बघितलंसुद्धा नाही. चौथ्या फेरीत सरमद जिवावर उदार होऊन खेळला, दोघांच्या पट्ट्या बरोबरीने उतरल्या, आणि शेवटी फकिराने पैलवानाला कोपऱ्यात धरला. पट्टी नखाएवढी. एक फटका. बशारतने माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

टक्.

पडद्यावरचं चित्र थांबलं. पैलवान कोपऱ्यात तसाच, फकिराची काठी अर्ध्यात तशीच.

बाकी साऱ्या जगासमोर सुटलेली सवय. पण शेजारी उस्ताद होता हो! आपल्या उस्तादला सलाम न करता तो अंगठा कसा गप्प राहणार? हुजैफा आपल्या अंगठ्याकडे असा बघत होता, जसा काही तो दुसऱ्याच कोणाचा आहे.

पंच पुढे आला. कायदा त्याने मोठ्याने सांगितला. फेरी सरमदची. सरमदने माफ केलं तर मात्र खेळ इथूनच पुढे. "उस्ताद, माफ?"

सगळा हॉल ओरडला, "माफ! माफ!" मी मनात म्हटलं, हा काय विचारायचा प्रश्न आहे? सलामाची रीत कोणी काढली? ज्याने काढली त्यालाच तर सलाम केलाय.

सरमदने पाण्याची बाटली तोंडाला लावली. सावकाश प्यायला. झाकण लावलं.

"फेरी माझी," तो म्हणाला.

तौबा! काय शिव्या पडल्या त्याला! एकाने तर मोडलेल्या खुर्चीचा पायच उगारला. बशारत ताडकन उभा राहिला. मला मान वर करायची लाज वाटत होती, माझा सख्खा भाऊ, एका पोराच्या तोंडचा घास काढतोय. आणि हुजैफा? त्याने पहिल्यांदा मान वळवली आणि सरमदकडे सरळ डोळ्यांत बघितलं. खालचा ओठ चावणं थांबलं होतं. इतकी वर्षं त्याला बघतेय, तसा तो मला कधी दिसला नव्हता.

शेवटची फेरी. आता कोणी चहा सांगणार नव्हतं. फकीर चालत गेला. धावला नाही, मागे सरला नाही, सरळ चालत पैलवानापाशी गेला आणि मारायला लागला. सरमद पण सोडतोय थोडाच! पैलवानाने दोनदा आपटला त्याला, पट्टी निम्म्याखाली आणली, मला वाटलं झालं, पीठ मळायला चला. आणि तिसऱ्यांदा पैलवान पकड घालायला वाकला तशी काठी पायात! तीच, पहिल्या संध्याकाळची! पैलवान हवेत! एक, दोन, तीन, खाली येऊच देईना, लोक मोजतायत, हॉल फुटायचा बाकी राहिला. पट्टी नखाएवढी. हुजैफाचा अंगठा वर उचलला गेला. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, तो बटणावर आला. तिथेच हवेत थांबला. आणि दुसऱ्या बोटाने फटका मारला.

मग काय झालं ते मला नीट आठवत नाही, कारण बशारत माझ्या गळ्यात पडून रडत होता आणि माझ्या दुपट्ट्याला सगळं पीठ लागलं. स्टेजवर कराचीवाला हुजैफाला सदरा घालत होता. सरमद उठून उभा राहिला, हात पुढे केला. शागीर्दाने उस्तादच्या गुडघ्याला हात लावायचा असतो. हुजैफाने नुसता हात मिळवला आणि खाली उतरून गेला.

घरी मी सरमदला जेवायलाच वाढलं नाही. "का केलंस रे असं? का?"

"तोकियोला त्याला कोण माफ करणार होतं, आपा?" तो म्हणाला. "अंगठ्याला एकदा बसला असता तो चटका इथेच बसलेला बरा."

"म्हणजे त्याच्यासाठी केलंस?"

त्याने समोरचं रिकामं ताट सरळ केलं. मग म्हणाला, "निम्मं त्याच्यासाठी. निम्मं, मला पण जायचं होतं गं."

मी ताट वाढलं.

हुजैफा दुकानात आला नाही. बशारतने शब्द पाळला, बाजारभर नान वाटले, आमच्या दुकानातही पाठवले, पण पोरगा रस्ता ओलांडून आला नाही. सरमद दिवसभर मशीनं उघडून तारा बघत बसायचा, ज्यांना काही झालं नव्हतं अशीसुद्धा. हुजैफा विमानतळावर गेला तेव्हा रिक्षा आमच्या दारावरून गेली. थांबली नाही. मला दोघांचाही इतका राग आला की त्या दिवशी मी टोकनं विकलीच नाहीत.

तोकियोची स्पर्धा आमच्याकडे सकाळची दिसायची. दुकानात टीव्ही लावला, हलवा-पुरी आली, लस्सी आली, पाय ठेवायला जागा नाही, अर्धा बाजार रस्त्यावर उभा. हुजैफाची पहिली मोठी लढत कोरियाच्या एका पोराशी होती, त्या वर्षात जो कोणाकडूनच हरला नव्हता. सरमद सगळ्यात मागे, एका मशीनमध्ये डोकं घालून, पडद्याकडे पाठ. "मी काम करतोय," म्हणाला. कसलं काम आलंय डोंबलाचं!

तिथे खेळाडूच्या हातांवर वेगळा कॅमेरा असतो. हात दिसले आणि दुकानात एकच गलका झाला. टीमने त्याला नवीकोरी दांडी दिली होती, बशारतने मला सांगितलं होतं. पण हुजैफाच्या मांडीवर आमचं प्लायवुडचं खोकं होतं! मोचीची पेटी! "उस्ताद, बघा तरी!" पोरं ओरडली. सरमदने डोकं बाहेर काढलं, पण वळला नाही.

लढत मी काय सांगू. कोरियावाला विजेसारखा. पहिली त्याची, दुसरी आमची, तिसरी त्याची, चौथी आमची. शेवटच्या फेरीत फकीर अर्धमेला, आणि मग ती काठी, तो हवेतला मार, आमच्या दुकानाचं छप्पर उडालं असतं एवढा आवाज. कोरियावाल्याची पट्टी नखाएवढी. सगळ्यांचे डोळे त्या अंगठ्यावर. सरमद कधी वळला मला कळलं नाही, पण तो वळलेला होता, स्क्रूड्रायव्हर हातात.

अंगठा हलला नाही. काठी बसली. कोरियावाला आडवा! नाव झळकलं, दिवे लखलखले, तिथले लोक उभे राहिले, फेरी संपली, लढत संपली, आता काही थांबायचं उरलं नव्हतं. आणि तेव्हा हातांच्या कॅमेऱ्यात दिसलं, हुजैफाने अंगठा उचलला, 'सुरू'च्या बटणावर ठेवला, आणि एकदा दाबला. शेजारचा कोरियावाला तर हेडफोन काढून पाणी पीत होता.

पोरांनी एकेक करून मागे मान वळवली.

सरमदने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. हात सदऱ्याला पुसला आणि कपाळाला लावला. "वालेकुम सलाम," तो टीव्हीला म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं, डोळे पुसायचंसुद्धा त्याला सुचलं नव्हतं. "आपा, चहा सांग. सगळ्यांना सांग."